जिन्याखालचा तराजू

किराणा दुकानात उभा असलेला ग्राहक तराजूच्या काट्यावरची नजर हलू देत नाही. सोनाराच्या पेढीवर तर तो श्वास रोखून वजन पाहतो, आणि पेट्रोल पंपावर आकडा शून्यावर आहे की नाही हे गाडीतून मान वळवून तपासतो. विजेचे माप मात्र त्याच्याच घरात, जिन्याखाली, कोळिष्टकांच्या आड लटकलेले असते आणि वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. महिन्यातून एकदा एक परका माणूस येऊन ते माप वाचतो, आणि त्याने वाचलेल्या आकड्याचे पैसे घरातील माणसे मुकाट्याने भरतात.

जैन गृहस्थाला मापाचा विषय खरे तर नवा नाही. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. देताना माप हलके ठेवणे आणि घेताना जड ठेवणे, असा त्याचा अर्थ. व्यापारी समाजाने हा अतिचार दुकानापुरता नीट लक्षात ठेवला. घरात मात्र आपण ग्राहक आहोत, तेव्हा माप तपासण्याचे काम आपले नाही, अशी एक सोयीची समजूत रूढ झाली. त्या संज्ञेत हीन आणि अधिक असे दोन्ही शब्द आहेत, याकडेही सहसा लक्ष जात नाही.

वीजबिल एकाएकी फुगले की पहिला आरोप मीटरवर होतो. ‘मीटर पळतंय’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिन्यात कधी ना कधी उच्चारले गेले आहे. दुसरा आरोप वाचन घेणाऱ्यावर आणि तिसरा, दबक्या आवाजात, शेजाऱ्यावर होतो. गणितावर मात्र कोणी संशय घेत नाही, कारण ते संगणकाने केलेले असते. वस्तुतः मापन, वाचन आणि आकारणी ही तीन वेगळी कामे आहेत आणि चूक तिन्हींपैकी कोठेही असू शकते. पासबुक आणि खातेवही यांचा ताळमेळ बसत नसेल, तर जाणता लेखनिक लगेच अफरातफरीची ओरड करीत नाही. तो आधी खाते क्रमांक पाहतो, मग आरंभीची शिल्लक, मग एकेक नोंद. वीजबिलाचा ताळमेळही याच क्रमाने घालावा लागतो. हा क्रम मोडला की माणसे चुकीच्या दारावर जाऊन धडकतात.

सांगलीच्या जुन्या पेठेतील एका दुमजली घरात मागील चातुर्मासात असे धडकणे थोडक्यात टळले. घर वडिलोपार्जित. खाली थोरले बंधू राहतात, त्यांना सारे घर अण्णा म्हणते. वरच्या मजल्यावर धाकट्यांचा संसार. जिन्याखाली दोन्ही घरांचे मीटर शेजारीशेजारी. आषाढ आणि श्रावणात वाचन घेणारा आला, तेव्हा दोन्ही वेळा वाड्याचा दरवाजा बंद होता. घरातील मंडळी दर्शन-प्रवचनासाठी बाहुबलीला गेलेली. अण्णांच्या सूनबाईंनी आपल्या मीटरचे वाचन दोन्ही महिने स्वतः कळवले होते. धाकट्यांकडून ते राहिले. त्या दोन महिन्यांची बिले सरासरीने १२० युनिटांची आली आणि ती भरलीही गेली. भाद्रपदात प्रत्यक्ष वाचन झाले आणि दशलक्षण पर्व संपता संपता ४८० युनिटांचे बिल हाती पडले.

धाकट्यांना आठवले, अण्णांनी चैत्रात पाण्याचा नवा पंप बसवला होता. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला पाने मांडली असताना ते पत्नीला म्हणाले, “अण्णांचा पंप आपल्या मीटरवर तर चालत नाही ना?” क्षमावणीला चारच दिवस झाले होते. दोन्ही भाऊ त्या दिवशी एकमेकांपुढे हात जोडून उभे राहिले होते. आता अशी शंका एकदा खाली जाऊन बोलून दाखवली असती, तर ती परत घेता आली नसती. घरातील दुधाचा आणि वाण्याचा हिशेब ज्यांच्या वहीत असतो, त्या गृहिणीने एवढेच म्हटले, “आधी आकडे बघू. मग खाली जाऊ.”

पहिली गोष्ट खाते क्रमांकाची, म्हणजे मीटर क्रमांकाची. प्रत्येक मीटरच्या दर्शनी पट्टीवर त्याचा अनुक्रमांक कोरलेला किंवा छापलेला असतो आणि तोच बिलावरही असतो. एका इमारतीत दहा-वीस मीटर एका फळीवर असले, तर नवीन जोडणीच्या वेळी वा मीटर बदलताना दोन घरांची अदलाबदल होऊ शकते. मग वर्षभर एका घराचे बिल दुसरे घर भरत राहते आणि दोन्ही घरांना विजेच्या हिशेबातले काही कळेनासे होते. क्रमांक जुळतो की नाही, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. मीटर खरोखर आपल्याच घराचा आहे का, हे पाहायला आणखी एक मिनिट: घरातील मुख्य स्विच बंद करावा आणि मीटरवरचा लुकलुकणारा दिवा थांबतो का ते पाहावे. या घरी क्रमांक जुळला. स्विचची परीक्षा त्या दिवशी राहून गेली.

दुसरी गोष्ट वाचनाची. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, दाब, प्रवाह असे अनेक आकडे आळीपाळीने फिरत असतात. त्यांतला ज्याच्यापुढे किलोवॅट-तास असे इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेले असते, तोच आपला. एक किलोवॅट-तास म्हणजे एक युनिट, अर्थात हजार वॅटचे उपकरण एक तास चालवल्यावर लागणारी वीज. बिलावरील चालू वाचन ८,४१२ होते. वाचनानंतर आठ दिवस उलटले होते आणि भिंतीवर ८,४५५ दिसत होते. आठ दिवसांत ४३ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १६०. तीन महिन्यांचे ४८०. वाचन खरे होते. वाचणाऱ्यावरचा आरोप येथे संपला.

तिसरी गोष्ट आकारणीची, आणि खरे पाणी येथे मुरत होते.

घरगुती विजेचा दर सरसकट नसतो. महाराष्ट्रात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याहून बराच जास्त, ३०१ ते ५०० ना आणखी जास्त, अशी चढती पायरी असते. नेमके दर राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत राहतात, म्हणून ते ताज्या बिलावरूनच घ्यावेत. येथे समजण्यापुरते सोयीचे आकडे धरू: पहिल्या शंभरांना प्रत्येकी ५ रुपये, पुढील दोनशेंना १० आणि त्यापुढील दोनशेंना १५. आता ४८० युनिट एकाच महिन्यात वापरले असे मानले, तर पहिल्या शंभरांचे ५००, पुढील दोनशेंचे २,०००, उरलेल्या १८० चे २,७०० मिळून ५,२०० रुपये होतात. पण हे युनिट तीन महिन्यांत जळले आहेत. महिन्याला १६० प्रमाणे पहिल्या शंभरांचे ५०० आणि साठांचे ६००, एकूण १,१००. तीन महिन्यांचे ३,३००. वीज तेवढीच, मीटरही तोच. आधी भरलेल्या दोन सरासरी बिलांचे, प्रत्येकी ७०० प्रमाणे, १,४०० रुपये वजा केले, तर देणे १,९०० निघते. बिलात ३,८०० होते. नेमके दुप्पट. वरच्या १,९०० वर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे ३०४ रुपये, ते निराळेच.

वाचन जितक्या महिन्यांचे, तितक्या महिन्यांत पायऱ्या विभागून मिळाल्या पाहिजेत. बिलावर महिन्यांची संख्या छापलेली असते. कधी ती १ असते, कधी वाचनाची तारीख थोडी पुढे-मागे झाल्यामुळे १.०३ अशीही असते. या घरच्या बिलावर आधीच्या दोन बिलांची वजावट दिसत होती, परंतु महिन्यांच्या रकान्यात ३ ऐवजी १ होता. मीटर निर्दोष असताना आणि वाचन अचूक असताना बिल दुप्पट होऊ शकते, ते असे. ही चूक शोधायला ना विद्युत अभियंता लागतो ना उपकरण. बेरीज-वजाबाकी येणारी कोणतीही गृहिणी ती शोधू शकते. तरीही लोक मीटर बदलून मागतात, हे नवलच.

येथे थांबता आले असते. पण वहीत हिशेब ठेवणाऱ्यांना एक गोष्ट खटकली. बिलावर मागील बारा महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो. गेल्या वर्षी याच महिन्यांत वापर १४० च्या आसपास होता आणि या वर्षी १६०. घरात नवे उपकरण आलेले नव्हते. वीस युनिट म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी रक्कम नाही, कारण ते सगळे वरच्या पायरीतले असतात.

मग उपकरणांचा जमाखर्च मांडला गेला. फ्रीज दिवसाला साधारण एक युनिट घेतो, महिन्याला ३०. पंचाहत्तर वॅटचे तीन जुने पंखे रोज आठ तास, म्हणजे ५४. नऊ वॅटचे सहा एलईडी दिवे पाच तास, सुमारे ८. दूरदर्शन संच चार तास, १०. त्याच्याशेजारचा सेट-टॉप बॉक्स मात्र रात्रंदिवस चालू, आणि दहा वॅट घेऊनही महिन्याला ७ युनिट खातो. संचाच्या पाऊणपटीच्या जवळ. धुलाईयंत्र गार पाण्यावर, ३. इस्त्री व मिक्सर मिळून ६. मोबाईल वगैरे किरकोळ ३.

चातुर्मासाचा म्हणून एक वेगळा खर्च असतो आणि तो इतरांच्या घरच्या अंदाजपत्रकात सापडत नाही. पिठाची कालमर्यादा पावसाळ्यात तीन दिवसांची, म्हणून घरघंटी दर तिसऱ्या दिवशी अर्धा तास फिरते. एक अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे ७५० वॅट. महिन्याचे ४ युनिट. उकळलेल्या पाण्याचा खर्च मात्र जाणवण्याजोगा. पाच लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ०.४४ युनिट वीज लागते, भांड्यातून निसटणारी उष्णता धरून अर्धा. रोजचा अर्धा, महिन्याचे १५ युनिट. घरात व्रती असतील, पाहुणे असतील, तर हाच आकडा तीस होतो. बिल वाढले म्हणून मीटरला दोष देण्यापूर्वी विजेच्या किटलीकडे एकदा पाहावे. आणि कोणी नसलेल्या खोलीत फिरणाऱ्या पंख्याकडेही. अनर्थदंड म्हणजे काय, हे स्वाध्यायात विचारले तर सर्वांना येते.

या सर्वांची बेरीज १४० झाली. मीटर म्हणत होता १६०. उपकरणांवर छापलेले वॅट आणि त्यांचा प्रत्यक्ष वापर यांत पाच-दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो, हे मान्य करूनही वीस युनिट उरत होते. आता मीटरची परीक्षा करणे भाग होते.

घरच्या घरी करता येईल अशी ती परीक्षा सोपी आहे. मीटरवर एक लहानसा लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ, एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल, तो आकडा छापलेला असतो. कोणत्या मीटरवर तो १६०० असतो, कोणत्यावर ३२००, कोणत्यावर ६४००. येथे ३२०० होता. शंभर वॅटचा, तारेचा, जुन्या पद्धतीचा बल्ब लावला की तासाला एक दशांश युनिट, म्हणजे ३२० लुकलुकी. दर सव्वाअकरा सेकंदांना एक. वीस लुकलुकींना तीन मिनिटे पंचेचाळीस सेकंद. घरातील बाकी सर्व बंद करावे, बल्ब लावावा, आणि एका लुकलुकीवर घड्याळ सुरू करून पुढच्या वीस मोजाव्यात. यासाठी इस्त्री किंवा गीझर घेऊ नये. ती ठरावीक तापमानाला आपोआप बंद होतात, शिवाय त्यांचे ठोके इतके जलद पडतात की मोजता मोजता चुकतात.

दुपारी हे मोजले गेले. तीन मिनिटे बावन्न सेकंद लागली. म्हणजे मीटरच्या मते बल्ब शंभर नव्हे, ९७ वॅटचा. मीटर पळत तर नव्हताच, उलट किंचित संथ दिसत होता. पण तोही निष्कर्ष घाईचा ठरला असता. बल्बवरील वॅट २३० व्होल्टसाठी लिहिलेले असतात आणि पेठेत दुपारी दाब त्याहून कमी होता. मीटरच्याच पडद्यावर तो दिसत होता. दाब दहा टक्क्यांनी उतरला, तर गीझरच्या वेटोळ्याची ताकद जवळपास एक पंचमांशाने उतरते; बल्बचीही उतरते, थोडी कमी. म्हणून या घरगुती परीक्षेची मर्यादा ओळखावी. मीटर दीडपट पळत असेल तर ती निश्चित सांगेल. दोन-तीन टक्क्यांचा निवाडा तिच्या आवाक्यातला नाही. नियमांनी घरगुती मीटरसाठी १.० हा अचूकता वर्ग ठरवला आहे, म्हणजे प्रयोगशाळेत एक टक्क्याच्या आसपास. तो निवाडा प्रमाणित उपकरणानेच व्हायचा.

मीटर बरा होता. मग वीस युनिट कोठे जात होते? उरलेली परीक्षा शून्याची. सर्व उपकरणे बंद करावीत, प्लग काढावेत, खोल्यांचे एमसीबी खाली करावेत. आता लाल दिवा स्थिर राहिला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता हे केले, आणि दिवा दर दोन सेकंदांनी लुकलुकत राहिला. काहीही चालू नसताना जवळजवळ सहाशे वॅट. हिशेबाच्या वहीत तेवढी नोंद झाली. मग धाकट्यांनी मुख्य स्विच खाली ओढला. दिवा थांबला. आणि खालून अण्णांचा आवाज आला, “पंप का रे बंद पडला?”

धाकट्यांची शंका एका अर्थी खरी होती, आणि तरीही चोरी कोठेच नव्हती.

वीज फेजच्या तारेतून घरात येते आणि न्यूट्रलच्या तारेतून परत जाते. आलेली आणि गेलेली सारखीच असायला हवी. पूर्वी काही लोक न्यूट्रल तोडून परतीचा प्रवाह जमिनीत सोडीत आणि मीटरला फसवीत. त्यावर उपाय म्हणून इलेक्ट्रॉनिक मीटर दोन्ही तारांतील प्रवाह मोजतात आणि त्यांत तफावत आढळली तर जो जास्त असेल तो हिशेबात धरतात. अशा वेळी अनेक मीटरांवर अर्थिंगची खूण असलेला वेगळा दिवाही लागतो. या घरच्या मीटरवर तो सकाळच्या वेळी लागत होता, पण पाहणार कोण? चैत्रात पंप बसवणाऱ्या कारागिराने फेज अण्णांच्या मीटरमागून घेतली होती. पाण्याची टाकी गच्चीवर, म्हणून पंपाचा स्विच वरच्या जिन्यात बसवला. तेथपर्यंत दुसरी तार ओढण्याचे श्रम वाचवण्यासाठी त्याने न्यूट्रल वरच्या मजल्याच्या पेटीतून घेतली. पंप अण्णांच्या फेजवर धावत होता आणि त्याचा प्रवाह धाकट्यांच्या न्यूट्रलमधून परत जात होता. अण्णांचा मीटर त्याची पूर्ण नोंद करीत होता. धाकट्यांचा मीटर, परतीच्या तारेत प्रवाह जास्त दिसल्यामुळे, चोरी समजून त्याचीच दुसरी नोंद करीत होता. रोज पाऊण-एक तास पंप, दिवसाला अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. एकाच विजेचे पैसे दोन भावांनी सहा महिने स्वतंत्रपणे भरले होते.

पैशांहून मोठी गोष्ट निराळी होती. मुख्य स्विच बंद करून वरच्या मजल्यावर कोणी दुरुस्तीला हात घातला असता, तर निर्धास्तपणे धरलेली न्यूट्रलची तार पंपाच्या वेटोळ्यातून आलेल्या विजेने जिवंत असती. अशा घोटाळ्याची सूचना आरसीसीबी नावाचे उपकरण तात्काळ देते. दोन तारांतील प्रवाह जुळला नाही की ते वीज तोडते. दोघांपैकी एकाच्याही घरात ते असते, तर पंप पहिल्या दिवशी सुरूच झाला नसता आणि कारागिराला आपली तार मुकाट्याने बदलावी लागली असती. जुन्या वाड्यांची वायरिंग तुकड्यातुकड्यांनी बदलणाऱ्यांनी एवढा खर्च टाळू नये.

मीटरचीच शंका उरली, तर काय करावे? वितरण कंपनीकडे शुल्क भरून मीटरची चाचणी मागता येते. चाचणीच्या वेळी हजर राहावे आणि अहवालाची प्रत मागून घ्यावी. केंद्र सरकारच्या वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० मध्ये चाचणीसाठी तीस दिवसांची मुदत आहे आणि निकाल न पटल्यास त्रयस्थ प्रयोगशाळेचा मार्गही आहे. २०२४ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली. वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत दुसरा मीटर जोडीला बसवून किमान तीन महिने दोघांचे वाचन पडताळून पाहायचे आहे. नव्या स्मार्ट मीटरबद्दल ज्यांच्या मनात भीती आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग वादविवादापेक्षा पुष्कळ बरा. याच नियमांत तात्पुरत्या, म्हणजे अंदाजाच्या, बिलांवर वर्षाला दोनची मर्यादा आहे. घर बंद असल्यामुळे लागोपाठ दोनदा वाचन झाले नाही, तर ग्राहक मीटरचे छायाचित्र तारखेसह नोंदणीकृत मोबाईलवरून वा ई-मेलने पाठवू शकतो. चातुर्मासात, यात्रेत, मुलांकडे परगावी गेलेल्या कुटुंबांनी एवढे केले, तर पायऱ्यांचा सगळा घोळ मुळातच टळतो.

वादग्रस्त बिल भरायचे की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. न भरता बसून राहणे शहाणपणाचे नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी जोडणी तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. वाद चालू असताना ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर जोडणी तोडता येत नाही. ‘निषेधासह’ हा शब्द अर्जात लिहिलेला असावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. कंपनीने दाद दिली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल, मुंबईला आणि नागपूरला.

मीटर संथ निघाला तर काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. जुने, चकती फिरणारे मीटर घर्षणाने मंदावत आणि सेट-टॉप बॉक्ससारख्या बारीक भाराला त्यांची चकती कित्येकदा हलतही नसे. त्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आला की बिल वाढते आणि घरमालक म्हणतो, नवा मीटर पळतो. बहुतेक वेळा त्याने आधीची काही वर्षे कमी पैसे भरलेले असतात. बिल निम्म्यावर आले, तर कोणीही बल्ब आणि घड्याळ घेऊन जिन्याखाली बसत नाही. हीन आणि अधिक या दोहोंपैकी एकाचीच तपासणी होत असेल, तर तिला तपासणी म्हणणे कठीण आहे.

सांगलीच्या त्या घरी आकारणीचा अर्ज एका पानाचा झाला. वर दोन वाचने आणि त्यांच्या तारखा, मध्ये तीन महिन्यांचे गणित, खाली भरलेल्या दोन बिलांचे पावती क्रमांक. बिल दुरुस्त होऊन आले. पंपाच्या पंधरा युनिटांबद्दल मात्र कंपनीकडे काही मागता येत नव्हते, कारण मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची असते आणि तिच्या दोषाची जबाबदारीही त्याचीच. अण्णांनी सहा महिन्यांचे पैसे देऊ केले. धाकट्यांनी ते घेतले नाहीत. पंपाची वीज अण्णांनी आधीच एकदा पूर्ण मोजून भरली होती. कारागिराला बोलावून वरच्या जिन्यापर्यंत न्यूट्रलची वेगळी तार ओढून घेतली आणि दोन्ही पेट्यांत आरसीसीबी बसवले. आश्विनात वरच्या मजल्याचे वाचन १४३ युनिट आले. अण्णांचे बिल एका रुपयानेही उतरले नाही. उतरण्याचे काही कारणही नव्हते.